झाडाचे प्लॅस्टिक : माल कशाचा आणि मोडतो कुठे?



अलीकडे कोणत्याही गावी बैठकीला गेलो, की बियाणे, खत, फवारणी यांची बोलणी आटोपल्यावर एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, मक्यापासून प्लॅस्टिक करतात म्हणे. मग आपल्या मक्याला भाव येणार का?" मुकुंदवाडीकडची मंडळी हा प्रश्न जरा अधिकच विचारतात, आणि ते साहजिक आहे. मुकुंदवाडी आता छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोटात गेली. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला जालना रस्त्यापलीकडे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. गरवारे कंपनीची पॉलिस्टर फिल्म याच वसाहतीत निघते, आणि प्लॅस्टिकचे तंत्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची 'सिपेट' ही संस्थाही इथेच आहे. घरातला एक मुलगा कारखान्यात, दुसरा शेतावर, अशी कितीतरी घरे या भागात आहेत. कारखान्यातला मुलगा संध्याकाळी सांगतो, की आता तेलाऐवजी झाडापासून प्लॅस्टिक होणार. शेतावरचा मुलगा विचारतो, मग आम्ही काय पेरू?

प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. 'मक्यापासून बनवलेली, मातीत विरघळणारी' असे सांगून पिशव्या आणि मल्चिंग पेपर विकणारे लोक खेडोपाडी येऊ लागले आहेत. त्यात खरे किती आणि खोटे किती, हे कळले नाही तर पैसाही जाईल आणि जमीनही बिघडेल. म्हणून आज हा विषय मुळापासून पाहू.

आजीच्या घरातले प्लॅस्टिक

प्लॅस्टिक म्हणजे काय? एका जातीचे बारीक मणी एकापुढे एक ओवून केलेली लांबच लांब माळ. मणी खनिज तेलातून काढले, की पॉलिथिन, पॉलिस्टर, नायलॉन होते. पण अशी माळ ओवणे निसर्गालाही येते. मक्यातला पिठूळ भाग म्हणजे स्टार्च, कापसाचा धागा, दुधातले केसीन, जनावराच्या कातड्याहाडांतला सरस, या साऱ्या माळाच आहेत.

आपल्या आजीच्या घरात हे सगळे होते, फक्त त्याला प्लॅस्टिक हे नाव नव्हते. कागद चिकटवायला कणकेची खळ. लुगड्याला कांजी. सुताराकडे सरस. बाभळीचा डिंक. पोकळ दागिन्यात भरलेली लाख. सोनार मोड घेताना आधी लाखेचे वजन वजा करतो, हे भगिनींना सांगायला नको. टपालाच्या पार्सलावर लाखेचा शिक्का. आणि पांडवांना जाळण्यासाठी बांधलेले लाखेचे घर तर सर्वांनाच ठाऊक आहे. लाख ही तापवली की मऊ होते, हवा तो आकार घेते आणि निवली की कडक होते. प्लॅस्टिकचा गुण म्हणतात तो हाच.

लाख झाडाची वाटते, पण ती किड्याची आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फुटीवर लाखेचे बारीक किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतात. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून लाख तयार होते. आपल्या राज्यात गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हा धंदा जुना आहे. देशात लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली सुरू झाली आणि आजही ती काम करते.

आता गंमत पाहा. पूर्वीच्या काळ्या ग्रामोफोन तबकड्या लाखेच्या होत. विजेच्या तारांना आवरण म्हणूनही लाख लागे. विजेचा पसारा वाढला, लाख अपुरी पडू लागली, तेव्हा तिला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलँड या रसायनतज्ज्ञाने १९०७ साली बेकेलाइट तयार केले. संपूर्णपणे कारखान्यात जन्मलेले पहिले प्लॅस्टिक ते हेच. म्हणजे आजचे प्लॅस्टिक लाखेच्या जागी आले, आणि आता शंभर वर्षांनी जग पुन्हा झाडाकडे आणि किड्याकडे वळते आहे.

नैसर्गिक असले म्हणून सगळीकडे चालत नाही

पण 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून लगेच मान डोलवू नका. त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. निजामाच्या राजवटीत पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात, १९२० ते १९२२ या वर्षांत, इटलीहून चेक्कोनी आणि ओरसिनी या दोघा जाणकारांना अजिंठ्याची चित्रे जपण्यासाठी आणले गेले. पोपडे धरलेले रंग त्यांनी पक्के बसवले. त्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा थर चित्रांवर दिला. त्या वेळी ते उत्तम समजले जात होते. पुढे वर्षे गेली तशी ती लाख पिवळी पडली, काळवंडली आणि खालचे रंग झाकोळले. मग हा थर काढण्याचे किचकट काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कितीतरी वर्षे करावे लागले.

त्याच्याच शेजारी वेरूळचे उदाहरण उलट आहे. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिले. माती आणि तंतू यांचा तो गिलावा हजार वर्षांहून जास्त टिकला. दोन्ही ठिकाणी माल निसर्गातलाच. एक जागेला मानवला, दुसरा मानवला नाही. जागा ओळखून माल निवडावा लागतो, एवढे त्यातून घ्यायचे.

बिब्बा, काजू आणि पऱ्हाटी

राळेचेही तसेच आहे. इंग्रजीत ज्याला रेझिन म्हणतात ती राळ म्हणजे चिकटून घट्ट बसणारा पदार्थ. फळ्या, रंग, गाड्यांचे ब्रेक यांत तिचा वापर होतो. आपल्याकडे बिब्बा आहे. त्याचे तेल कातडीला लागले तर फोड येतात, आणि कपड्यावर लागले तर डाग जन्मभर जात नाही. परीट त्याचाच उपयोग करून कपड्यांवर खुणा करीत. काजू हा बिब्ब्याचा भाऊबंद. सिंधुदुर्गात काजूचे कारखाने आहेत. तिथे गर काढून उरलेल्या टरफलातून असेच जहाल तेल निघते. गर सोलणाऱ्या बायांचे हात पोळतात ते याच तेलाने. पण हेच तेल फॉर्मॅलिनसारख्या रसायनाबरोबर शिजवले, की घट्ट, उष्णता सोसणारी राळ होते. मोटारीच्या ब्रेकच्या पट्ट्यांत आणि जहाजाच्या रंगात ती वापरली जाते. हा प्रयोगशाळेतला मनोरा नव्हे, बाजारात चाललेला धंदा आहे. त्यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की काजू कोणी टरफलाच्या तेलासाठी लावत नाही. काजू गरासाठी लावतात. तेल हा टाकाऊतून मिळालेला वरचा पैसा.

कपाशीचेही असेच. मुंबईला माटुंग्यात कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिला सिरकॉट म्हणतात. १९२४ पासूनची ही संस्था. तिने पऱ्हाट्यांचा भुगा करून, दाबून, त्याच्या फळ्या तयार करण्याची रीत बसवली. नागपूरच्या तिच्या केंद्रात त्याची यंत्रे आहेत. आपण ज्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून देतो, त्यांची टेबले-कपाटे होऊ शकतात. मात्र त्या फळीला बांधून ठेवणारी राळ बहुधा युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइडची असते. म्हणजे अंग झाडाचे आणि चिकटवण कारखान्याचे. ही चिकटवणही सोयाबीनच्या पेंडीपासून किंवा लाकडातल्या लिग्निनपासून करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

मक्याचे दही, दह्याचे प्लॅस्टिक

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मक्यापासून प्लॅस्टिक होते का? होते. रीत समजायला अवघड नाही. मका दळून त्यातला स्टार्च वेगळा काढतात. आपल्या खानदेशात दोंडाईचाला स्टार्चचा कारखाना आहे, तिथे हे पहिले पाऊल रोजच पडते. स्टार्चची साखर करतात. त्या साखरेला जंतूंचे विरजण लावतात. दूध ज्यामुळे आंबट होते त्याच कुळीतले हे जंतू. ते साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आपल्या दह्याचा आंबटपणा म्हणजे हेच आम्ल. मग या आम्लाचे मणी शुद्ध करून, तापवून, माळेत ओवले, की पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लॅस्टिक होते. त्याला थोडक्यात पीएलए म्हणतात. पेले, डबे, धागे, पिशव्या यांसाठी ते वापरतात.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्लेअर गावी २००२ पासून मक्याचे पीएलए मोठ्या प्रमाणात निघते. आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यात जेजुरीला प्राज कंपनीने असे प्रात्यक्षिक केंद्र उभे केले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बलरामपूर चिनी मिल्स या साखर कंपनीने उसापासून पीएलए करण्याचा कारखाना कुंभी येथे उभारण्याचे जाहीर केले. म्हणजे गोष्ट कल्पनेतली राहिलेली नाही.

आता हिशेब करू. मक्याच्या दाण्यात साधारण ६० ते ७० टक्के स्टार्च असतो. वाटेतली घट धरता एक किलो पीएलएला दोन ते अडीच किलो मका लागतो. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे किलोला २४ रुपये होता. एक किलो प्लॅस्टिकमागे नुसत्या मक्याचेच ५० ते ६० रुपये झाले. त्यावर वीज, यंत्रे, शुद्धीकरण, मजुरी. म्हणून हे प्लॅस्टिक तेलाच्या प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते, आणि कारखानदार मका जितका स्वस्त मिळेल तितका बघणार. त्याला मक्याचे प्रेम नाही, साखरेची गरज आहे. ऊस स्वस्त पडला तर तो ऊस घेईल. दुसरीकडे कोंबडीखाद्य, स्टार्च आणि इथेनॉल यांना मका हवाच आहे. प्लॅस्टिक हे मक्याचे आणखी एक गिऱ्हाईक होईल, पण मक्याचा भाव ते एकटे ठरवील असे समजू नका.

सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागातल्या मका पिकवणाऱ्यांना माझे सांगणे असे. प्लॅस्टिकसाठी वेगळा मका लागत नाही. ब्लेअरचा कारखानाही साधाच पिवळा मका घेतो. तेव्हा 'प्लॅस्टिकचे खास बियाणे' म्हणून कोणी दामदुप्पट भावाने पिशवी देऊ लागला, किंवा कराराच्या नावाखाली आगाऊ रक्कम मागू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मका नेहमीसारखा पिकवा, नीट वाळवा, ओल कमी ठेवा, बुरशी येऊ देऊ नका. स्टार्चवाला असो, खाद्यवाला असो की प्लॅस्टिकवाला, कोरड्या स्वच्छ मक्यालाच तो जास्त पैसे मोजतो.

दोन प्रश्न, चार जाती

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्लॅस्टिक विकत घेताना दोन प्रश्न विचारायचे. पहिला, हा माल कशाचा? दुसरा, हा मोडतो कुठे? पुष्कळांना वाटते की पहिल्याचे उत्तर 'झाडाचा' असले, की दुसऱ्याचे उत्तर 'मातीत' असणारच. तसे नाही. दोन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत. चार उदाहरणे पाहा.

पहिली जात, आपली नेहमीची पॉलिथिनची पिशवी. खनिज तेलाची, आणि मातीत मोडत नाही.

दुसरी जात, ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करतात. माल उसाचा, पण माळ तीच पॉलिथिनची. तीही मातीत मोडत नाही. गाईने खाल्ली तर तेलाच्या पिशवीइतकीच घातक.

तिसरी जात, मक्याचे किंवा उसाचे पीएलए. झाडाचे खरे, आणि मोडतेही. पण कुठे? कंपोस्टच्या कारखान्यात, जिथे ढिगाचे तापमान ५५ ते ६० अंश कित्येक आठवडे राहते आणि ओलही राहते. आपल्या शेतातल्या साध्या मातीत ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. उकिरड्यातही भरवसा नाही, कारण आपण उकिरडा क्वचितच वरखाली करतो आणि तो सगळीकडे सारखा तापत नाही. गांडूळखतात तर तेवढी उष्णता कधीच येत नाही, आली तर गांडुळेच मरतील.

चौथी जात, पीबीएटी नावाचे प्लॅस्टिक. हे मुख्यतः खनिज तेलापासून केलेले, पण जंतूंना खाता येणारे. बाजारातल्या पुष्कळ 'कंपोस्टेबल' पिशव्या हे आणि स्टार्च किंवा पीएलए मिसळून केलेल्या असतात.

आणि एक पाचवी, ती मात्र फसवी. साध्या पॉलिथिनमध्ये असे द्रव्य घालतात की उन्हाने त्याचे तुकडे तुकडे होतात. डोळ्यांना दिसेनासे झाले, की लोकांना वाटते मातीत मिसळले. मिसळत नाही. बारीक कण होऊन राहते. युरोपीय संघाने अशा मालावर २०२१ पासून बंदी घातली आहे.

जमिनीचा हिशेब

हे सगळे शेतकऱ्याने का जाणायचे, तर मल्चिंग पेपरमुळे. मिरची, टोमॅटो, कलिंगड यांसाठी मल्चिंग आता सर्रास झाले. त्याने तण कमी होते, पाणी वाचते, हे खरेच आहे. पण हिशेब करा. पाच फुटांवर गादीवाफे धरले तर एकराला सुमारे २,६५० मीटर पेपर लागतो. चार फूट रुंद, २५ मायक्रॉन जाडीचा एवढा पेपर वजनाला ७५ किलोच्या आसपास भरतो. त्यातला दहावा हिस्सा जरी काढताना फाटून रानात राहिला, तरी हंगामाला सात किलो प्लॅस्टिक मातीत गेले. दहा हंगामांत सत्तर किलो. ते नांगराला गुंडाळते, मुळांना आडवे येते, पाण्याची वाट अडवते. आणि ते कोणी परत काढून देणार नाही.

म्हणून तीन गोष्टी पाळा. पैसे वाचवायला अगदी पातळ पेपर घेऊ नका. पातळ पेपर उन्हात कुजका होतो आणि अखंड निघत नाही. २५-३० मायक्रॉनचा घ्या, आणि पीक निघाल्याबरोबर, नांगर घालण्याच्या आधी, कडेची माती सोडवून पूर्ण गुंडाळून काढा. काढलेला पेपर बांधावर पेटवू नका. झटकून, वाळवून भंगारवाल्याला द्या. 'मातीत विरघळणारा' पेपर कोणी आणला, तर त्याला एकच विचारा : हा कंपोस्टमध्ये मोडतो की शेतातल्या मातीत मोडतो? युरोपात मातीत मोडणाऱ्या मल्चिंगसाठी २०१८ पासून ईएन १७०३३ हे वेगळे मानक आहे. त्यानुसार मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के भाग जंतूंनी खाल्लेला असावा लागतो. अशा चाचणीचा कागद तो दाखवू शकला, तर आधी एका सरीवर लावून पाहा आणि पुढच्या हंगामात तिथली माती उकरून बघा. कागद नसेल तर नमस्कार करून वाटेला लावा.

आणि ज्यांचे क्षेत्र थोडे आहे त्यांनी सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, बारीक केलेल्या पऱ्हाट्या यांचे आच्छादन करून पाहावे. तेही झाडाच्याच माळांचे बनलेले आहे, फुकट आहे, आणि मातीत मोडते यात शंका नाही.

पिशवीवर काय वाचायचे

भगिनींसाठी हा भाग. आपल्या राज्यात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, आणि देशभर एकदा वापरून टाकायच्या कित्येक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. त्यामुळे 'कंपोस्टेबल' पिशव्या दुकानात दिसू लागल्या. खऱ्या पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, करणाऱ्याचे नाव, आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. नुसते हिरवे पान किंवा मक्याचे कणीस छापलेले असेल तर ते चित्र आहे, पुरावा नव्हे. 'बायोडिग्रेडेबल' म्हणायचे तर मागे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण राहता कामा नयेत, असे २०२४ च्या मार्चमध्ये नियमांतही घातले गेले.

घरी एक चाचणी करता येते. जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब पिशवीच्या तुकड्यावर टाका. निळा-काळा डाग पडला तर तीत स्टार्च आहे. पण लक्षात ठेवा, यातून पहिल्याच प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. साध्या प्लॅस्टिकमध्ये थोडा स्टार्च मिसळला तरीही डाग पडतो. मोडण्याचे उत्तर प्रमाणपत्रावरच मिळेल.

आणि खरी कंपोस्टेबल पिशवीदेखील जनावराचा चारा नव्हे. भाजीची टरफले पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नका. गाय पिशवी सोडून टरफल खात नाही, ती सगळेच गिळते, आणि पोट फुगले की मग दवाखाना.

मुलांसाठी एक प्रयोग

सुटीच्या दिवशी मुलांना हे करू द्या. पेलाभर दूध गरम करा, उकळू नका. त्यात दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ढवळा. दूध फाटले की फडक्यातून गाळा, घट्ट पिळा, आणि तो गोळा बाटलीच्या झाकणात दाबून बटणाचा आकार द्या. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. हाडासारखे कडक बटण होईल. १८९७ च्या सुमारास जर्मनीत दुधाच्या केसीनपासून असेच प्लॅस्टिक निघाले आणि त्याची बटणे, फण्या, मुठी पुष्कळ वर्षे बाजारात विकल्या गेल्या.

मग ते बटण रात्रभर पाण्यात ठेवायला सांगा. सकाळी ते फुगून मऊ झालेले असेल. जर्मनीत ते फॉर्मॅलिनमध्ये भिजवून पक्के करीत. घरी फॉर्मॅलिनच्या वाटेला मुळीच जाऊ नका. ते डोळ्यांना आणि श्वासाला वाईट. पण मुलांच्या ध्यानात एक गोष्ट येईल : जे लवकर मोडते ते पाण्यात टिकत नाही, आणि जे पाण्यात टिकते ते लवकर मोडत नाही. शास्त्रज्ञांची सारी धडपड या दोहोंच्या मधली जागा शोधण्याची आहे. शिवाय हिशेबही करू द्या. एक किलो केसीनला तीस-पस्तीस लिटर दूध लागते. दुधाचे बटण परवडेल का, हे मुलेच सांगतील.

आज काय करता येईल

वेलवर्गीय भाज्यांची रोपे लावायची असतील तर काळ्या पिशव्या आणू नका. जुन्या वर्तमानपत्राची पट्टी पेल्याभोवती गुंडाळा, कणकेच्या खळीने चिकटवा, पेला काढून घ्या आणि माती-शेणखत भरा. भोपळा, दोडका, कारले यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. कागदासकट रोप खड्ड्यात लावले की मूळ हलत नाही आणि कागद मातीत जिरतो. घरच्या कार्याला पळसाच्या पत्रावळी-द्रोण वापरा. बांधावर बोर आणि पळस असतील आणि लाखेचा विचार मनात असेल, तर घाई नको. बीजलाख ताजी लागते, आपला उन्हाळा कडक आहे, आणि बाजार गोंदियाकडे आहे. गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारा, दोन झाडांवर करून पाहा.

ज्या घरात दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे आणि यंत्रांची आवड आहे, त्यांनी चिकलठाण्याच्या सिपेटमध्ये जाऊन पदविकेची चौकशी करावी. ही नवी प्लॅस्टिके आली तरी साचे, यंत्रे आणि चाचण्या करणारे हात लागणारच आहेत. शेत कसे चालते हे माहीत असलेला मुलगा तिथे शिकला, तर मातीत खरोखर मोडणारा मल्चिंग पेपर उद्या त्याच्याच हातून तयार होईल.

तोवर दारात कोणीही 'झाडाचे प्लॅस्टिक' घेऊन आला, की दोन्ही प्रश्न विचारा, आणि दुसऱ्याचे उत्तर कागदावर मागा. तुमच्याकडे असा पेपर किंवा पिशवी कोणी विकली असेल, तर तिच्यावर काय छापले आहे ते जसेच्या तसे उतरवून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पुढे कधीतरी त्यावर बोलू.